फेरेटचा कोपरा

दिवाळी तोंडावर आली म्हणजे आपल्या घरांतून एकच धांदल उडते. माळ्यावरची पातेली खाली येतात, जळमटे निघतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्याला वर्तमानपत्र घेऊन बसायला एकही कोपरा शिल्लक राहत नाही. अशा वेळी मी वाचकांना एका पिंजऱ्याच्या साफसफाईचा इतिहास सांगू लागलो, तर याला चळ लागला असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! पण हा पिंजरा साधासुधा नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या दुखण्याचे नाव घेताना आवाज खाली आणला, त्या दुखण्याचे कोडे शेवटी एका स्वच्छ ठेवलेल्या पिंजऱ्यातच उलगडले.

हकिगतीला सुरुवात झाली ती इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये, माझ्या लेकीच्या घरी. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होतो. माझ्या नातवाने दोन फेरेट पाळले आहेत. फेरेट म्हणजे हातभर लांबीचा, लवचीक, बुटक्या पायांचा, टोकदार तोंडाचा प्राणी. पाहताक्षणी आपल्याला मुंगूस वाटतो. पण कुळ मुंगसाचे नव्हे, पाणमांजराचे. नराला तिकडे ‘हॉब’ म्हणतात आणि मादीला ‘जिल’. मी पोहोचल्यावर आठच दिवसांत नातवाला इन्फ्लुएंझाचा ताप आला आणि लेकीने पहिला हुकूम सोडला, तो असा की, पोराने पिंजऱ्याजवळ फिरकायचे नाही. मला वाटले, जनावरापासून मुलाला आणखी काही होईल ही भीती. तर ती म्हणाली, “तसं नाही, बाबा. याचा फ्लू त्यांना होतो!” तेव्हा पिंजऱ्याची सेवा माझ्याकडे आली.

ही सेवा काय असते ते सांगितले पाहिजे. फेरेट दिवसातून चौदा-पंधरा तास झोपतो. पण खाल्लेले अन्न तीन-चार तासांत त्याच्या पोटातून बाहेर पडते. म्हणजे जागा असेल तेव्हा त्याचे परसाकडे जाणे वरचेवर चालूच. मात्र या बाबतीत त्याचा एक कडक नियम आहे. झोपायच्या जागी नाही, जेवायच्या जागी नाही, कोपरा पाहिजे. झोपेतून उठला की पाच-दहा मिनिटांत तो एखादा कोपरा गाठतो, शेपटी वर करतो आणि गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरप्रमाणे उलट चालत भिंतीला टेकतो. नातवाने अंथरुणातूनच मला बजावले, “आजोबा, तो मागे मागे चालायला लागला की समजायचं. उचलायचं आणि ट्रेमध्ये ठेवायचं. ओरडायचं नाही हं!”

सारी विद्या एवढ्यात आली. तीन बाजू उंच आणि पुढची बाजू बुटकी असा ट्रे त्याच्या आवडत्या कोपऱ्यात अडकवायचा. उरलेल्या कोपऱ्यांत अंथरूण नाही तर अन्नाचे भांडे ठेवायचे, म्हणजे तिकडे तो घाण करीत नाही. ट्रेमध्ये कागदाच्या लगद्याच्या गोळ्या घालायच्या. देवदाराचा किंवा पाइनचा भुसा घालायचा नाही, कारण त्याच्या वासाने या प्राण्याची छाती बिघडते. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी मातीही नको. फेरेट नाक खुपसून हुंगणार आणि ती नाकात जाऊन बसणार. मांजर आपली घाण पुरते, फेरेट पुरत नाही. तेव्हा रोजची सफाई आपण करायची. परंतु नव्याने शिकणाऱ्या जनावराच्या ट्रेमध्ये जुन्यातले थोडेसे मुद्दाम ठेवायचे, म्हणजे वासाने त्याला जागा ओळखू येते. अंथरुणे आठवड्याला धुवायची. अंगाला वास येतो म्हणून त्याला वारंवार आंघोळ घालणारे फसतात. अंगावरचे तेल गेले की कातडी ते दुप्पट जोमाने तयार करते आणि वास वाढतो. वासाचे मूळ बहुधा अंथरुणात असते. त्याच्या अंगात शोधण्यात अर्थ नाही.

चार दिवस मी ही चाकरी इमानाने केली. पण मनातून लेकीचे ते वाक्य जाईना. माणसाचा ताप या जनावराला होतो, हे प्रथम कोणाला कळले? इतिहासाची खोड वाईट. मी पुस्तके चाळायला बसलो.

फेरेट हा युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याचा माणसाळलेला वंशज. त्याचे शास्त्रीय नाव ‘फ्युरो’, आणि लॅटिनमध्ये ‘फूर’ म्हणजे चोर. इंग्रजी नावाचा मूळ अर्थही ‘छोटा चोर’ असाच. माणसाने याला जवळ केले ते लाडाकरिता मुळीच नव्हे, सशांकरिता. दोन हजार वर्षांपूर्वीचा भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की, स्पेनमध्ये लोक आफ्रिकेतून आणलेले असे प्राणी पाळतात, त्यांच्या तोंडाला मुसके बांधतात आणि सशांच्या बिळात सोडतात. भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवर तर सशांनी इतका उच्छाद मांडला की, तेथील लोकांनी ऑगस्टस बादशहाकडे सैन्याची मदत मागितली, असे प्लिनी सांगतो. सशांवर फौज! आपल्याकडे टोळधाडीवर हत्यारबंद शिपाई मागवावेत तशातला प्रकार.

पुढे इंग्लंडात फेरेट हे गरिबाच्या हंडीत मांस आणणारे जनावर झाले, आणि म्हणूनच राजदरबाराच्या डोळ्यांत सलू लागले. १३९० मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत कायदा झाला की, ज्याला जमिनीचे वर्षाला ४० शिलिंगांचे उत्पन्न नाही, अशा सामान्य माणसाने शिकारी कुत्रा ठेवू नये आणि फेरेटही वापरू नये. कायदा झाला म्हणून खेड्यातली भूक थोडीच थांबते? झोपडीच्या मागे लाकडी खोका आणि खोक्यात फेरेट, ही पद्धत शतकानुशतके चालू राहिली.

त्या खोक्यांची अवस्था मात्र विचारू नये. फेरेट हा शुद्ध मांसाहारी प्राणी. त्याला वर्षानुवर्षे दुधात कुस्करलेला पाव खाऊ घालीत. त्याने बिचाऱ्याचे पोट बिघडे, खोका ओला राही, आणि ओल्या घाणीत उभे राहून पाय सडत. त्याहून भयंकर एक साथ होती. डोळे चिकटत, नाक वाहू लागे, हनुवटीवर पुरळ येई आणि जनावर हमखास मरे. खेडूत तिला ‘घाम’ म्हणत. शिकारी लोकांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. कुत्र्यांमध्ये डिस्टेंपरची साथ आली की, तिच्या मागोमाग फेरेटही मरतात.

खेडुतांच्या या अनुभवाला प्रयोगशाळेचा दरवाजा उघडला तो १९२० नंतरच्या दशकात. डिस्टेंपरने इंग्लंडातले उंची शिकारी कुत्रे पटापट मरत होते. १९०५ मध्ये कारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा रोग सूक्ष्म गाळणीतूनही पार होणाऱ्या विषाचा, म्हणजे आजच्या भाषेत विषाणूचा, असल्याचे दाखविले होते. पण त्यावर उपाय सापडला नव्हता. ‘द फील्ड’ नावाच्या शिकारी साप्ताहिकाने निधी उभारला आणि लंडनच्या उत्तरेला मिल हिल येथील शेतावर सरकारी संशोधन संस्थेने काम सुरू केले. पॅट्रिक लेडलॉ हे डॉक्टर आणि जॉर्ज डंकिन हे जनावरांचे वैद्य, अशी जोडी जमली.

त्यांची पहिली अडचण औषधाची नव्हती, केरकचऱ्याची होती! डिस्टेंपर इतका सांसर्गिक की, कोणत्या कुत्र्याला तो प्रयोगाने झाला आणि कोणत्याला शेजाऱ्याकडून, हेच कळेना. अशा प्रयोगाला काय अर्थ? म्हणून त्यांनी जगापासून तोडलेले आवार उभारले, त्यात रोगाचे वारेही न लागलेली कुत्री वाढविली आणि प्रयोगाच्या जनावरांत फेरेटला आणले. आत जाणाऱ्याने अंगावरचे कपडे बदलल्यावाचून जायचे नाही. पायांत गमबूट, अंगात रबरी कोट. एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाताना बूट, कोट, हात, सारे लायसॉलने धुवायचे. अन्न ठेवणारा आणि पिंजरा साफ करणारा नोकर शास्त्रज्ञाइतकाच महत्त्वाचा ठरला, कारण रोग एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात न्यायचा असता तर तो त्याच्याच हातांनी गेला असता. शिवाय डिस्टेंपर लागलेला फेरेट सहसा वाचत नाही. तेव्हा टोचलेल्या फेरेटशेजारी न टोचलेला फेरेट धडधाकट राहिला, तर शिस्त पक्की. तो शिंकू लागला, तर कुठेतरी कोणाचा तरी हात धुवायचा राहिला! १९२६ मध्ये लेडलॉ-डंकिन यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत कुत्र्यांसाठी लस निघाली.

इथपर्यंत ही कुत्र्यांची गोष्ट झाली. आता माणसांची.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. ‘मानमोडी’ हा शब्द मी प्रथम तिच्या तोंडून ऐकला. १९१८ साल. इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये मुंबईत उतरली, जरा ओसरल्यासारखी झाली आणि सप्टेंबरात राक्षसिणीसारखी परत आली. ऑक्टोबरच्या आरंभी एका मुंबई शहरात दिवसाला साडेसातशेवर माणसे मेल्याची नोंद आहे. रेल्वेने ती गावोगाव गेली. त्या वर्षी पाऊस फसला होता, घरांत धान्य नव्हते. सबंध हिंदुस्थानात १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत माणसे गेली असावीत असा अंदाज करतात. आजीच्या घरातली तिची थोरली जाऊ आणि जावेचे तान्हे मूल एका आठवड्यात गेले. मूल गेल्याचे आईला कोणी सांगितलेच नाही. आजी एवढे सांगून उठत असे आणि उगाचच चुलीतली लाकडे मागेपुढे करीत असे. हे कशाने झाले, असे लहानपणी मी तिला विचारले, तर ती म्हणाली, “हवाच तशी सुटली होती रे.”

आजीला हसायचे कारण नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तेव्हा याहून फारसे अधिक ठाऊक नव्हते. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये एक जंतू दाखविला होता, त्याच्यावर बहुतेकांची भिस्त. पण तो जंतू कित्येक रोग्यांत सापडेच ना. रोग एखाद्या जनावराला देऊन पाहावा, तर ससे, गिनीपिग, उंदीर, कोणी तो घेईना. जनावराला होत नाही असा रोग प्रयोगशाळेत अभ्यासायचा कसा?

१९३३ च्या आरंभी लंडनमध्ये पुन्हा फ्लू पसरला. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ असे तिघे या कामात होते. त्यांतले अँड्र्यूज स्वतःच तापाने पडले. स्मिथनी त्यांना गुळण्या करायला लावल्या, ते पाणी जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळले आणि फेरेटच्या नाकात घातले. दोनच दिवसांत फेरेटला ताप चढला, नाक वाहू लागले आणि तो शिंकू लागला!

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. शिंकणारा, नाक वाहणारा, तापलेला फेरेट म्हणजे काय? डिस्टेंपरचाही हाच थाट. दहा वर्षे त्याच रोगावर काम चालू असलेल्या संस्थेत एक फेरेट शिंकतो, तेव्हा शहाण्या माणसाच्या मनात पहिली शंका हीच येणार की, कोठूनतरी डिस्टेंपर शिरला. पिंजरे गलिच्छ असते, नोकर बेफिकीर असते, तर या शंकेला उत्तर नव्हते आणि शोध तेथेच बुडाला असता. पण मिल हिलला डिस्टेंपरमुक्त फेरेट होते आणि ते तसे ठेवण्याची घोटलेली शिस्त होती. डिस्टेंपर उमटायला आठ-दहा दिवस लागतात, हा रोग दोन दिवसांत उमटला. डिस्टेंपरमधून बचावलेल्या, म्हणजे तो रोग पुन्हा न होणाऱ्या फेरेटना टोचून पाहिले, तर त्यांनाही हा ताप आला. आजारी फेरेटच्या पिंजऱ्यात निरोगी फेरेट ठेवला, तोही शिंकू लागला. आणि फ्लूमधून बऱ्या झालेल्या माणसाचे रक्तजल या विषात मिसळले की, ते निष्प्रभ होई. आता शंका उरली नाही. ८ जुलै १९३३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. इन्फ्लुएंझा विषाणूचा आहे, फायफरच्या जंतूचा नव्हे.

पुढची दोन वर्षे मला अधिक अद्भुत वाटतात. अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या फ्लूचा विषाणू १९३१ मध्ये शोधला होता. लंडनच्या या मंडळींनी माणसांचे रक्तजल त्या विषाणूशी ताडून पाहिले. मोठ्या माणसांचे रक्तजल त्याला नमवी. दहा वर्षांखालच्या मुलांचे नमवीत नसे. मुले १९१८ नंतर जन्मलेली, मोठी माणसे त्या साथीतून पार पडलेली. लेडलॉंनी तर्क केला की, डुकरांत उरलेला हा विषाणू त्या महासाथीचाच वंशज असावा. म्हणजे जे वाचले, त्यांच्या रक्ताने शत्रूची ओळख सतरा-अठरा वर्षे जपून ठेवली होती. माझ्या आजीच्या रक्तातही ती असणार. तिला ते कधी कळले नाही.

आता एवढी शिस्त असूनही फेरेटने एकदा डाव साधलाच. १९३६ मध्ये चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस हे तरुण डॉक्टर एका आजारी फेरेटची तपासणी करीत होते. तो नेमका त्यांच्या तोंडावर शिंकला. दोन दिवसांनी डॉक्टरसाहेब अंथरुणात! अंथरुणात पडलेल्या डॉक्टरांच्या घशातून सहकाऱ्यांनी विषाणू काढला आणि त्यावरही निबंध लिहिला. जनावरापासून माणसाला फ्लू होतो याचा असा पुरावा दुसऱ्या कोणी मुद्दाम दिला नसता. १९४८ मध्ये याच संस्थेत जागतिक इन्फ्लुएंझा केंद्र निघाले, अँड्र्यूज त्याचे प्रमुख झाले. आजही दरवर्षीच्या लशीत कोणते विषाणू घालावेत हे ठरविताना फेरेटच्या रक्तजलाची साक्ष काढतात. त्या जागतिक जाळ्यात आपल्या पुण्याची विषाणू संस्थाही आहे.

नातवाच्या ट्रेमधल्या मालाचाही इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. पूर्वी मांजरासाठी घरात वाळू नाही तर राख ठेवीत, आपल्याकडेही ठेवतात. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगनमध्ये वाळू गोठून दगड झाली, तेव्हा एका शेजारणीने एड लो नावाच्या तरुणाकडे मदत मागितली. त्याच्या वडिलांचा कारखान्यांना तेल शोषणारी वाळवलेली माती पुरविण्याचा धंदा होता. त्याने ती माती दिली. बाई खूश! लोने पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या आणि दुकानदाराला सांगितले, फुकट वाट. त्या मातीवर पुढे तो कोट्यधीश झाला.

आणि एक फेरेट तर चक्क लंगोट नेसून विज्ञानाची सेवा करून गेली. १९७१ मध्ये शिकागोजवळ अणुकणांना वेग देणारे प्रचंड यंत्र उभे राहत होते. त्याच्या लांबलचक नळ्यांत धातूचा कीस राहिला होता. फेरेटला बिळांची आवड, हे ओळखून रॉबर्ट शेल्डन या इंग्रज इंजिनियराने फेलिशिया नावाची फेरेट आणविली. ती दोरी ओढत नळीच्या पलीकडच्या टोकाला जाई, मग त्या दोरीला औषधात भिजविलेला बोळा बांधून नळी पुसून काढीत. पण साफ करायला गेलेल्या बाईनेच आत घाण केली तर? म्हणून लंगोट. कोपऱ्याची सवय शिकवावी, तर गोल नळीला कोपरा कुठला!

शेवटची हकिगत मात्र हसण्याची नाही. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात काळ्या पायांचा रानटी फेरेट असतो. तो नामशेष झाला असेच सर्व समजत होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या एका शेतावरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि जवळच जिवंत टोळी सापडली. चार वर्षांनी तिच्यात रोग शिरला. १९८५ च्या शरद ऋतूत वंश राखण्यासाठी सहा फेरेट पकडून एकत्र ठेवले. त्यांतल्या दोघांच्या अंगात डिस्टेंपर आधीच होता. सहाच्या सहा मेले. मिल हिलचा तो धडा, नवे जनावर आधी वेगळे ठेवावे हा, साठ वर्षांनी पुन्हा शिकावा लागला आणि त्याची किंमत भयंकर पडली. मग निराळ्या पिंजऱ्यांची कडक व्यवस्था झाली, आणि १९८७ च्या फेब्रुवारीपर्यंत रानातला शेवटचा फेरेट पकडला, तेव्हा साऱ्या जगात मिळून अठरा उरले होते. आज रानात पुन्हा सोडलेले सारे त्या अठरांतल्या काहींचेच वंशज आहेत.

हे सारे मी नातवाला तापाच्या चौथ्या दिवशी सांगितले. शिंकेची गोष्ट त्याने तीन वेळा सांगायला लावली. पाचव्या दिवशी ताप उतरला; तरी लेकीने आणखी दोन दिवस त्याला लांबच ठेवले. मग तो हात धुऊन पिंजऱ्यापाशी गेला, चारही कोपरे वाकून पाहिले, ट्रे नाकाशी नेला आणि म्हणाला, “आजोबा, चांगलं ठेवलंत हं!” एवढे प्रशस्तिपत्रक मला नोकरीतही मिळाले नव्हते. निघण्याच्या दिवशी माझ्या चष्म्याचे घर सापडेना. सारे घर पालथे घातले. अखेर नातू कोचाखाली आडवा झाला आणि त्याने एकेक वस्तू बाहेर काढली. दोन मोजे, एक रबराचा चेंडू, लेकीची किल्ली आणि चष्म्याचे घर. चोराने ते अगदी नीट, कोरड्या जागी लपवून ठेवले होते.